पूर्ण चौकट कुणी ठरवली?

गेल्या वर्षी आमच्या विज्ञान मंडळाने कॅमेरा घ्यायचे ठरवले. मंडळ खोपटचे. ठाण्यात एस.टी.चे आगार आहे, त्याच्या आसपासच्या शाळांतले आम्ही पाच-सहा शिक्षक आणि आठवी ते बारावीची तीसेक मुले दर शनिवारी जमतो. रद्दी विकून, पालकांकडून आणि माजी विद्यार्थ्यांकडून ८०,००० रुपये जमले होते. एवढी रक्कम पुन्हा लवकर जमणार नाही हे सर्वांना ठाऊक होते, म्हणून निवड चुकून चालणार नव्हती.

कॅमेरा कशासाठी हवा याबद्दल दुमत नव्हते. ठाणे खाडीतले रोहित पक्षी, येऊरच्या जंगलातली फुलपाखरे, ग्रहणे, प्रयोगशाळेतले स्फटिक आणि वर्षातून एकदा मुलांचे नाटक. तो मिररलेस, म्हणजे आतला हलता आरसा काढून टाकलेला असावा, हेही ठरले. वाद झाला तो आतल्या सेन्सरच्या आकारावरून. फिल्मच्या जागी बसलेली ही सिलिकॉनची चकती काही कॅमेऱ्यांत ३६ × २४ मि.मी. असते, तिला ‘फुल फ्रेम’ म्हणतात. स्वस्त कॅमेऱ्यांत ती साधारण २३.५ × १५.६ मि.मी. असते, तो ‘क्रॉप सेन्सर’. चित्रकलेचे सर म्हणाले, “एकदाच घ्यायचा तर पूर्ण घ्या, अर्धवट कशाला?” जीवशास्त्राच्या बाई म्हणाल्या, “सर, पूर्ण घेतलात तर भिंगाला पैसे उरणार नाहीत.” तीन शनिवार यात गेले. चौथ्या शनिवारी नववीतल्या एका मुलीने विचारले, “पण पूर्ण म्हणजे किती, आणि ते कुणी ठरवलं?”

आमच्यापैकी एकालाही उत्तर देता आले नाही. मग आम्ही शोधायला लागलो.

छायाचित्रणाच्या आरंभी ‘पूर्ण’ असा एकच आकार नव्हता. मुंबईत १८५४ साली फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. भाऊ दाजींचे बंधू डॉ. नारायण दाजी हे तिच्यातले एक जाणते छायाचित्रकार. त्या काळी काचेची पाटी कागदावर ठेवून प्रकाश द्यायचा, म्हणजे पाटी जेवढी तेवढेच चित्र. मोठे चित्र हवे तर मोठी पाटी, मोठा कॅमेरा आणि तो वाहायला माणूस. पुढे ज्या पाटीला ‘फुल प्लेट’ म्हणू लागले ती साडेआठ इंच बाय साडेसहा इंच असे. मिलिमीटरमध्ये २१६ × १६५. हिशेब करून पाहा: आजची ‘फुल फ्रेम’ त्या फुल प्लेटमध्ये सुमारे ४१ वेळा मावेल! नारायण दाजींना आजचा सगळ्यात महाग सेन्सर दाखवला असता तर ते हसले असते.

मग ३६ × २४ आले कुठून? ते आले सिनेमातून, आणि तेही आडवळणाने. १८९० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत एडिसनच्या प्रयोगशाळेत डिक्सन हा सहकारी हलत्या चित्रांवर काम करत होता. ईस्टमनची सेल्युलॉइडची फिल्म ७० मि.मी. रुंद मिळे. ती उभी चिरली की ३५ मि.मी.च्या दोन पट्ट्या होतात. दोन्ही कडांना दात्यांसाठी भोके पाडली, की मध्ये साधारण २४ मि.मी. जागा उरते. एका चित्रामागे चार भोके धरली, की उंची येते १८ मि.मी. एवढेच. यात दृष्टीच्या शास्त्राचा किंवा सौंदर्याच्या नियमाचा काही संबंध नाही. हाताशी असलेली फिल्म वाया जाऊ नये, इतकाच विचार. १९०९ साली पॅरिसला जमलेल्या चित्रपट-उत्पादकांनी ही ३५ मि.मी.ची पट्टी मान्य केली आणि ती जगभर गेली.

ती आपल्याकडे कशी आली, ही गोष्ट मुलांना जरूर सांगावी. धुंडिराज गोविंद फाळके हे मूळचे त्र्यंबकेश्वरचे. जे. जे. कलाशाळेत आणि बडोद्याच्या कलाभवनात शिकलेले, छायाचित्रणाचा आणि लिथो छपाईचा धंदा केलेले. ख्रिस्ताच्या जीवनावरचा चित्रपट पाहून त्यांनी स्वतः चित्रपट काढायचे ठरवले, तेव्हा त्यांचे वय चाळिशीचे होते आणि भांडवल जवळजवळ शून्य. विम्याच्या पॉलिसी तारण ठेवून त्यांनी पैसे उभे केले आणि फेब्रुवारी १९१२ मध्ये ते लंडनला गेले. तिथे त्यांनी सेसिल हेपवर्थ यांच्या कारखान्यात काम पाहिले आणि विल्यमसन कंपनीचा हाताने फिरवायचा कॅमेरा, फिल्मला भोके पाडायचे यंत्र आणि कोरी फिल्म यांची सोय केली. भोके पाडलेली नव्हे, कोरी फिल्म, हे लक्षात घ्या. दादरच्या घरात रात्री अंधारात भोके पाडायचे काम सरस्वतीबाई फाळके यांनी शिकून घेतले, फिल्म धुण्याचेही. आज आपण ज्याला कॅमेऱ्याचे ‘फॉरमॅट’ म्हणतो, ते या घरात अक्षरशः हाताने पाडले जात होते.

यंत्रे आली, पण चित्रपटासाठी पैसे कुठले? सावकाराला पटावे म्हणून फाळक्यांनी कुंडीत वाटाणा पेरला, समोर कॅमेरा ठेवला आणि महिनाभर थोडी थोडी चित्रे घेऊन अंकुराची वाढ पडद्यावर दाखवली. या एका लहानशा फिल्मने काम केले आणि छायाचित्रणाच्या साहित्याचे व्यापारी यशवंतराव नाडकर्णी यांनी कर्ज दिले. त्यातून ‘राजा हरिश्चंद्र’ झाला. ३ मे १९१३ रोजी तो गिरगावच्या कॉरोनेशन थिएटरात लागला.

इथे एक गणित मुलांना द्यायला छान आहे. ही फिल्म मिनिटभराची होती आणि फाळक्यांनी रोज एकच चित्र घेतले, असे बऱ्याच ठिकाणी छापलेले आढळते. मूकपटाचा वेग सेकंदाला साधारण १६ चित्रे धरा. मिनिटाला ९६० चित्रे लागतात. रोज एक म्हटले तर महिन्याची तीस, म्हणजे दोन सेकंदसुद्धा नाहीत! म्हणजे एक तर फिल्म मिनिटभराची नव्हती, नाहीतर फाळके दिवसातून तीसेक वेळा त्या कुंडीपाशी जात असले पाहिजेत. आम्हाला दुसरी शक्यता त्यांच्या स्वभावाशी जास्त जुळणारी वाटते.

आता आमच्या वादाकडे. फाळक्यांच्या कॅमेऱ्यातली चौकट होती साधारण २४ × १८ मि.मी. दुकानदार ज्याला आज ‘क्रॉप’ म्हणतो, त्याच्या जवळपासचाच हा आकार! आपल्याकडच्या सिनेमाची सुरुवात या ‘अर्धवट’ चौकटीवर झाली, हे कळल्यावर चित्रकलेचे सर जरा गप्प झाले.

दुप्पट कुणी केली? जर्मनीतल्या वेत्झलार गावी लाइट्झ हा सूक्ष्मदर्शक बनवणारा कारखाना होता. तिथला यंत्रज्ञ ऑस्कर बार्नाक याला दम्याचा विकार होता, त्यामुळे काचेच्या पाट्यांचा अवजड कॅमेरा घेऊन डोंगर चढणे त्याला जमेना. १९१३-१४ च्या सुमारास त्याने सिनेमाची फिल्म वापरणारा छोटा कॅमेरा बनवला. फिल्म लहान, म्हणून निदान चित्र तरी मोठे मिळावे, यासाठी त्याने ती आडवी धावती केली आणि दोन चौकटींची एक केली. अठरा दुणे छत्तीस. ३६ × २४ चा उगम हा असा आहे. महायुद्धामुळे काम रखडले आणि १९२५ मध्ये लाइपझिगच्या जत्रेत ‘लायका’ लोकांसमोर आला. तेव्हाचे व्यावसायिक छायाचित्रकार या चौकटीला खेळण्यातली समजत.

पुढेही ती काही दगडावरची रेघ नव्हती. निकॉनचा १९४८ चा पहिला कॅमेरा ३२ × २४ चा होता; एका रिळात जास्त चित्रे मिळावीत हा हेतू. पण बाहेरच्या बाजारात स्लाइडच्या चौकटी ३६ × २४ च्या, त्यामुळे निकॉनलाही तिकडे वळावे लागले. उलट १९५९ मध्ये ऑलिंपसच्या योशिहिसा मैतानी यांनी ‘पेन’ हा कॅमेरा काढला, त्यात चौकट पुन्हा २४ × १८. छत्तीसच्या रिळात बहात्तर फोटो! काटकसर करणाऱ्यांनी तो उचलून धरला. कमी पैशांत जास्त चित्रे मिळाली की अर्ध्या चौकटीला कुणी नाक मुरडत नाही.

‘फुल’ आणि ‘क्रॉप’ ही भाषा रूढ झाली ती डिजिटल काळात, आणि तिचे कारण सिलिकॉनमध्ये आहे. शंकरपाळ्यांची पोळी डोळ्यांसमोर आणा. पिठात दहा खडे राहिले आहेत. लहान शंकरपाळे कापले तर शंभरातले दहा टाकावे लागतील. मोठे वीसच कापले तर त्यातलेही दहाच्या आसपास जातील. सेन्सरचे असेच आहे. ३०० मि.मी. व्यासाच्या चकतीचे क्षेत्रफळ सुमारे ७०,६८६ चौ. मि.मी. कडा सोडून दिल्या तरी त्यात ३६ × २४ चे फार तर ८१ आणि २३.५ × १५.६ चे १९२ तुकडे बसतील. त्यात दोष विखुरले की मोठ्या तुकड्यांचे नुकसान प्रमाणाने जास्त. शिवाय सिलिकॉनवर नक्षी उमटवणाऱ्या यंत्राची एका वेळची खिडकी साधारण ३३ × २६ मि.मी. असते, त्यात ३६ ची लांबी मावत नाही, दोनदा छापून जोडावी लागते. (या छपाईलाही लिथोग्राफीच म्हणतात. फाळक्यांना गंमत वाटली असती.)

म्हणून सुरुवातीचे डिजिटल कॅमेरे लहान चौकटीचे निघाले. १९९९ चा निकॉन डी१ २३.७ × १५.६ चा होता. हा आकार १९९६ मध्ये आलेल्या ‘एपीएस’ फिल्मच्या एका चौकटीच्या जवळचा, त्यावरूनच त्याला ‘एपीएस-सी’ हे नाव पडले. लोकांकडे भिंगे मात्र ३६ × २४ साठीची जुनी होती. त्यांनी पाडलेल्या चित्राचा मधला भागच सेन्सरवर येई, कडा कापल्या जात. तो ‘क्रॉप’. मग २००२ साली कॅननने ३६ × २४ चा ११ मेगापिक्सेलचा कॅमेरा आणला, तेव्हा जुन्या भिंगांना त्यांची चौकट ‘पूर्ण’ परत मिळाली. पूर्ण म्हणजे जुन्या भिंगांच्या दृष्टीने पूर्ण. २००८ पासून आरसा गेला, २०१३ मध्ये सोनीचा ए७ हा पूर्ण चौकटीचा मिररलेस आला, पण शब्द तेच राहिले.

म्हणजे नाव अपघाताने पडले. पण फरक खोटा आहे का? नाही, आणि सरांचे हे म्हणणे आम्ही मान्य केले. ३६ × २४ चे क्षेत्रफळ ८६४, तर लहान सेन्सरचे सुमारे ३६७ चौ. मि.मी. दृश्य तेच, भिंगाचा एफ-अंक आणि उघडीप तीच असेल, तर मोठ्या सेन्सरवर सव्वादोन पटींहून जास्त प्रकाश गोळा होतो. अंधारात काढलेल्या चित्रातली रवाळ कुरकुर त्यामुळे कमी होते.

मात्र प्रकाश आत येतो तो भिंगाच्या छिद्रातून. छिद्राचा व्यास म्हणजे नाभीय अंतर भागिले एफ-अंक. आमच्या पैशांत फुल फ्रेम बसत होता तो साध्या झूम भिंगासह, ५० मि.मी. वर एफ/५.६ धरले तर छिद्र ९ मि.मी. त्याच पैशांत क्रॉप सेन्सर, त्याचे झूम आणि वर ३५ मि.मी. एफ/१.८ चे एक भिंग येत होते. दृश्य जवळजवळ तेवढेच, छिद्र १९ मि.मी. हून थोडे मोठे. म्हणजे प्रकाश चौपटीहून जास्त! सर म्हणाले, “फुल फ्रेमला ५० मि.मी. एफ/१.८ लावा, मग बघा.” तेही बरोबर, छिद्र २८ मि.मी., प्रकाश आमच्या दुप्पट. पण त्या भिंगाचे पैसे आमच्याकडे उरत नव्हते.

रोहित पक्ष्यांनी निकाल लावला. क्रॉप सेन्सर चित्र मोठे करतो असे दुकानात सांगतात, ते खरे नाही. ९० सें.मी. उंचीचा छोटा रोहित १०० मीटरवर उभा आहे आणि भिंग ३०० मि.मी. चे आहे. सेन्सरवर त्याची प्रतिमा २.७ मि.मी. पडते, सेन्सर कोणताही असो. पण दोन्ही सेन्सर २४ मेगापिक्सेलचे असतील तर लहानावरचे ठिपके जास्त दाट असतात. मोठ्यावर पक्ष्याच्या उंचीत सुमारे ४५० ठिपके येतात, लहानावर सुमारे ६९०. उजेड भरपूर असेल तर पिसे लहानावरच चांगली दिसतात. खाडीवर सकाळी उजेडाला तोटा नसतो.

क्रॉप सेन्सर घेतला. पहिले काम ठरलेलेच होते: वाटाणा. दर अर्ध्या तासाला एक चित्र, वीस दिवस, म्हणजे नेमकी ९६० चित्रे. पहिला प्रयत्न फसला. उघडीप कॅमेऱ्यावर सोपवली होती, त्यामुळे फिल्म दिव्यासारखी लुकलुकली. आणि अकराव्या दिवशी रोप खिडकीकडे झुकत झुकत चौकटीबाहेर गेले. दुसऱ्या वेळी खिडकीला पुठ्ठा लावला, एकच दिवा कायम चालू ठेवला, सगळे आकडे हाताने पक्के केले आणि शेजारी सुतळी बांधली. तेराव्या दिवशी वाटाण्याच्या तंतूने सुतळीला वेढा घातला. पडद्यावर ते चारेक सेकंदांत होते: तंतू हवेत चाचपडतो, सुतळीला लागतो, थबकतो आणि गुंडाळतो.

चित्रकलेचे सर तेवढाच भाग पुन्हा पुन्हा लावायला सांगतात. नाटकाच्या दिवशी मात्र ते आपल्या मित्राचा फुल फ्रेम कॅमेरा मागून घेऊन आले होते.