पुष्परचनेचे छायाचित्रण

पुष्परचनेचे छायाचित्रण हा स्थिरवस्तू-छायाचित्रणाचा एक प्रकार आहे. फ्रान्समधील अडोल्फ ब्राउन यांनी १८५० च्या दशकात कापडावरील नक्षीसाठी नमुने म्हणून फुलांची छायाचित्रे टिपली होती.

घरात प्रकाश कमी असल्याने कॅमेरा ट्रायपॉडवर ठेवून शटर अधिक काळ उघडे ठेवतात आणि पाकळ्या हलू नयेत म्हणून पंखा बंद करतात. खिडकीतील निळसर व दिव्याचा पिवळसर प्रकाश एकत्र आल्यास पांढऱ्या फुलांचा रंग बिघडतो; म्हणून एकच प्रकाशस्रोत वापरतात. जास्वंदीचा लाल रंग अतिप्रकाशात सपाट होऊन पाकळ्यांवरील शिरा दिसेनाशा होतात.

राजपुरी खाडीच्या दक्षिण तीरावरील दिघी (तालुका श्रीवर्धन, जिल्हा रायगड) परिसरात गणेशोत्सवाचे दिवस पावसाचे असतात. ढगाळ आकाशाच्या सौम्य प्रकाशामुळे आरशीतील फुलांवर तीव्र सावल्या पडत नाहीत. विसर्जनानंतर आरास उरत नाही. छायाचित्र हीच तिची नोंद ठरते.