काकूंची आवृत्ती

आमच्या भाईंदरच्या इमारतीत पिशवी घेऊन जिना उतरलं की तळमजल्यावरच्या काकू विचारणारच, ‘‘काय आणायला निघालात?’’ बँकेत खातेदाराची शिल्लक त्याच्या बायकोलाही न सांगणारा मी, काकूंना मात्र कोथिंबिरीपर्यंत सगळं सांगून मोकळा होतो.

उबुंटू या फुकट मिळणाऱ्या लिनक्स प्रणालीत अशाच एक काकू ऑक्टोबर २०१२मध्ये राहायला आल्या. आपल्याच संगणकातली फाईल शोधायला नाव टाईप करावं, तर ती अक्षरं कॅनॉनिकल कंपनीच्या सर्व्हरवर पोचायची आणि समोर ॲमेझॉनचा माल हजर! मुक्त सॉफ्टवेअरच्या घरातले वडीलधारे रिचर्ड स्टॉलमन यांनी याला सरळ हेरगिरी म्हटलं. बंद करायची सोय होती. पण ती आपण शोधायची! अखेर २०१६च्या १६.०४ आवृत्तीत हा शोध आधीपासूनच बंद ठेवून दिला.

आमच्या काकूंची मात्र अजून २०१२चीच आवृत्ती चालू आहे.