रोबोची आठवण आणि टॉर्चचे चार सेल

आजचा भाग बॅटरीबद्दल आहे. फोनच्या नाही. कुपवाडच्या किंवा साताऱ्याच्या एमआयडीसीत वेल्डिंग करणारा रोबो पाहिलाय कधी? एकच हात असलेला, बहुतेक वेळा पिवळा. त्याच्या बुडाशी एक छोटं झाकण असतं. ते उघडलं की आत चार सेल. जाडजूड, डी साइझचे, आजोबांच्या टॉर्चमध्ये असायचे तसलेच. लाखो रुपयांचं मशीन आणि पोटात टॉर्चचे सेल! पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं कोणीतरी माझी फिरकी घेतंय.

रोबो त्या सेलवर चालत नाही, हे आधी स्पष्ट करू. तो चालतो थ्री फेज विजेवर. सेल फक्त एक गोष्ट जपतात, ती म्हणजे हात आत्ता कुठे आहे याची आठवण.

कसं ते बघा. रोबोच्या हाताला सहा सांधे असतात. प्रत्येक सांध्यामागे एक मोटर आणि मधे गिअरचा डबा. समजा मोटरचे शंभर फेरे झाले की सांधा एकदा फिरतो. मोटरच्या मागच्या टोकाला एन्कोडर बसवलेला असतो. मोटर या क्षणी फेऱ्याच्या कुठल्या अंशावर आहे, हे तो आतल्या चकतीवरच्या खुणा वाचून केव्हाही सांगू शकतो. पण हा कितवा फेरा आहे? ते चकतीवर लिहिलेलं नसतं, ते मोजत राहावं लागतं. घड्याळाचा तासकाटा काढून टाका आणि फक्त मिनिटकाट्याकडे बघा. वीस मिनिटं झालीत हे कळेल, पण वाजले किती? वीज गेल्यावर हा तासकाटा सांभाळायचं काम त्या चार सेलचं.

प्रश्न असा की, मशीनला स्वतःची जागा लक्षात ठेवायला सेल लागावेत, अशी वेळ आली कशी? त्यासाठी शंभरेक वर्षं मागे जाऊ. लांब जायची गरज नाही, पलूस तालुक्यातच.

१९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावातला कारखाना हलवला. औंध संस्थानचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी त्यांना कुंडल रोड स्टेशनजवळ जागा दिली. निवडुंगानं भरलेलं माळरान होतं ते. तिथे किर्लोस्करवाडी उभी राहिली आणि लोखंडी नांगर बनू लागले. तिकडे सातारा रोडला कूपर यांच्या कारखान्यात नांगर आणि इंजिनं तयार होत. हे धनजीशा कूपर म्हणजे १९३७ साली काही महिने मुंबई प्रांताचे पंतप्रधान असलेले गृहस्थ. (आणि हो, सातारा-सांगली मी उगाच एका भागात कोंबत नाहीये. १९४९ मध्ये जुन्या सातारा जिल्ह्यातून ‘दक्षिण सातारा’ वेगळा काढला आणि १९६० मध्ये त्याचं नाव सांगली झालं. म्हणजे आपण मुळात एकाच घरचे.)

त्या काळच्या लेथची आठवण कुठे होती? लोखंडात होती. स्क्रूवर सरकणारी स्लाइड जिथे थांबली तिथेच राहायची. हँडलच्या चकतीवर रेघा असायच्या. बाकीचं टर्नरच्या डोक्यात. वीज गेली तर टर्नर बिडी ओढून यायचा, चकतीवरची रेघ बघायचा आणि पुढचा काप घ्यायचा.

याची मोठी परीक्षा झाली ११ डिसेंबर १९६७ ला. पहाटे ४ वाजून २१ मिनिटांनी कोयनेचा भूकंप झाला. माणसं गेली, पाटण तालुक्यातली गावं कोसळली. कोयनेची वीज थांबली आणि थेट मुंबईचे कारखाने अडले. अशा वेळी अर्ध्या कापात थांबलेला लेथ काहीच विसरत नव्हता. वीज कधी का परत येईना, स्लाइड तिथेच.

पुढच्या पिढीची मशीनं सुद्धा विसराळू नव्हती बरं का. १९५२ मध्ये अमेरिकेत एमआयटीत पहिलं न्यूमेरिकल कंट्रोलचं मशीन दाखवलं गेलं. त्याच्या सूचना होत्या भोकं पाडलेल्या कागदी पट्टीवर. कागदातल्या भोकाला विजेचं काय? जॉर्ज डेव्होल आणि जोसेफ एंगेलबर्गर यांचा ‘युनिमेट’ हा पहिला औद्योगिक रोबो १९६१ मध्ये न्यू जर्सीत जनरल मोटर्सच्या कारखान्यात कामाला लागला. त्याचा प्रोग्राम एका चुंबकीय ड्रमवर असायचा. बटण बंद केलं म्हणून चुंबक काही पुसला जात नाही.

विसरभोळेपणा आला तो प्रगतीबरोबर. सत्तरच्या दशकात सिलिकॉनची मेमरी स्वस्त झाली. १९७४ मध्ये स्वीडनच्या आसिया कंपनीनं मायक्रोप्रोसेसरवर चालणारा इलेक्ट्रिक रोबो आणला, मग जपानी कंपन्या उतरल्या. मेमरी वेगवान झाली, लहान झाली, पण वीज गेली की कोरी! माझ्यासारख्या सॉफ्टवेअरवाल्यांना हे रोजचं आहे. सेव्ह न करता लॅपटॉप बंद पडला की आपणही शिव्या घालतो. कारखान्यात त्यावर तोड निघाली ती बॅटरीची. कंट्रोलरच्या कपाटात प्रोग्रामची मेमरी जपणारी एक छोटी लिथियम बॅटरी आणि रोबोच्या बुडात फेऱ्यांचा आकडा जपणारे सेल. दोन वेगळ्या बॅटऱ्या, दोन वेगळी कामं. अनेक जण इथेच गोंधळतात.

कोणी म्हणेल, बरेच सीएनसीवाले सकाळी मशीन ‘होम’ला नेऊन शून्य ठरवतात, तसं रोबोनं का करू नये? सीएनसीची स्लाइड सरळ रेषेत जाऊन स्विचला टेकते. रोबोचा हात मात्र वीज गेली तेव्हा कदाचित चासीच्या आत वाकून वेल्डिंग करत होता. आपण कुठे आहोत हे न कळता त्याला सहा सांधे हलवून ‘घर’ शोधायला सांगितलं, तर टॉर्च, फिक्श्चर आणि जॉब तिघांचाही चुराडा. म्हणून त्याला जागं झाल्या क्षणी आपली जागा ठाऊक असावी लागते.

आता हे सगळं आपल्या भागात आणून ठेवा. २००५ नंतरची लोडशेडिंगची वर्षं आठवतात? आम्ही तेव्हा शाळेत होतो, वेळापत्रक फ्रिजवर चिकटवलेलं असायचं. शेजारच्या पुण्यात कारखान्यांची सुट्टी रविवारी नाही, गुरुवारी असते, ती सुद्धा विजेची मागणी आठवडाभर वाटून द्यायच्या हिशेबातूनच. सेल झिजतात ते मुख्यतः कंट्रोलर बंद असताना. साधारण वर्षाला बदला असं मॅन्युअल म्हणतं. पण सेल जुने असतील आणि मशीन लांबलचक बंद राहिलं, तर वर्ष भरायची वाट ते बघत नाहीत.

आणि आपल्याकडे अशी लांबलचक बंदी दोनदा लागोपाठ आली. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेनं ५७ फूट ओलांडले. धोक्याची पातळी ४५ फूट. वीज अनेक ठिकाणी दिवसेंदिवस बंद होती. त्यानंतर सातच महिन्यांनी, मार्च २०२० मध्ये, लॉकडाउन. शटर खाली, मेन स्विच बंद, कंट्रोलर बंद. ज्या रोबोचे सेल तेव्हा दहा-अकरा महिन्यांचे होते, त्याच्यासाठी ही शर्यतच होती. माणसं रांगेत उभी, गावाला चालत निघालेली, तेव्हा सेलची चिंता कोण करणार? करावीही का? पण शटर उघडल्यावर पगार ज्या ऑर्डरवर अवलंबून होते, त्या ऑर्डरी याच हातांनी पूर्ण व्हायच्या होत्या.

पिवळे रोबो म्हणजे फॅनकचे, तिथे या गोष्टीचे दोन अलार्म आहेत. एसआरव्हीओ-०६५ आला तर सेल उतरलेत, पण आठवण शाबूत आहे. आजच्या आज बदला. एसआरव्हीओ-०६२ आला तर सेल संपले आणि आठवणही गेली. या दोन आकड्यांच्या मधलं अंतर म्हणजे काही शे रुपयांचे सेल विरुद्ध बंद पडलेली शिफ्ट.

सेल बदलण्यातली सगळ्यात उलटी वाटणारी गोष्ट ही, की कंट्रोलर चालू ठेवून ते बदलायचे. घरी बल्ब बदलताना आधी मेन बंद करायला शिकवलंय आपल्याला, म्हणून हात आपोआप स्विचकडे जातो. इथे स्विच बंद करून सेल काढले तर फेऱ्यांचा आकडा जपायला काहीच उरत नाही. मग सुरक्षेचं काय? इमर्जन्सी स्टॉप दाबायचा, कुंपणाच्या दाराला कुलूप किंवा पाटी लावायची, म्हणजे हात हलणार नाही पण एन्कोडरला वीज मिळत राहील. मग झाकण उघडून चारही सेल एकदम बदलायचे, दोन नवे दोन जुने असं नाही. सेल अल्कलाइनच हवेत. रिमोटसाठी मिळतात ते स्वस्तातले झिंकचे घालू नका, ते लवकर उतरतात आणि गळतातही. प्लस-मायनस बघायचं, झाकण घट्ट बसवायचं, तारीख लिहायची. दहा मिनिटांचं काम. दुसऱ्या कंपन्यांच्या रोबोत टॉर्चच्या सेलऐवजी लिथियमचा पॅक असतो आणि पद्धतही बदलते, म्हणून आधी त्या मॉडेलचं मॅन्युअल.

०६२ आलाच तर? मग मास्टरिंग. अलार्म रीसेट करायचा, सांधे एकेक करून सावकाश हलवायचे आणि प्रत्येक सांध्यावरची कारखान्यातून आलेली खूण समोरच्या खुणेशी जुळवायची. सहाही जुळल्या की कंट्रोलरला सांगायचं, ‘हे शून्य.’ इथे सगळी मदार डोळ्यावर. सांध्यात एक अंशाची चूक झाली, तर दीड मीटर लांब हाताच्या टोकाला ती सुमारे २६ मिलिमीटर होते. आणि मोटरचा अख्खा एक फेरा चुकला, तर शंभराच्या प्रमाणात सांधा ३.६ अंश सरकतो, म्हणजे टोकाला नऊ सेंटिमीटरच्या वर. वेल्ड जिथे पाहिजे तिथे पडणार नाही हे झालंच, शिवाय रोबोला वाटेल आपण मोकळ्या जागेत आहोत आणि तो फिक्श्चरवर आदळेल. म्हणून मास्टरिंगनंतर पहिला प्रोग्राम अगदी कमी वेगात, बोट बटणावर ठेवून चालवतात.

म्हणजे बघा, किर्लोस्करवाडीच्या लेथवर चकतीची रेघ बघणारा टर्नर आणि आज टॉर्च मारून सांध्यावरच्या खुणा जुळवणारा मेंटेनन्सचा मुलगा, दोघं एकच काम करतायत. फरक इतकाच की टर्नरला तो मान होता. या मुलाला बहुतेक वेळा ‘अजून किती वेळ?’ एवढंच ऐकायला मिळतं, आणि तो कंत्राटी असेल तर पुढच्या वर्षी सेल बदलायला तोच असेल याची खात्री नाही. त्याच्याबरोबर वेळापत्रकही निघून जातं.

माझ्या ओळखीतले एक मेंटेनन्सवाले काका यावर एक साधा इलाज करतात. खंडेनवमीला मशीनची पूजा असतेच. ते त्याच्या आदल्या दिवशी सगळ्या रोबोंचे सेल बदलतात, बॅकअप घेतात आणि मास्टरिंगचे सहा आकडे कंट्रोलरच्या दाराच्या आत मार्करनं लिहितात. पुढे दिवाळीची सुट्टी लागते, ती नव्या सेलवर निघते. माणूस बदलला तरी खंडेनवमी चुकत नाही.

परदेशातून जुने रोबो विकत घेणाऱ्या छोट्या वर्कशॉपवाल्यांची गोष्ट निराळी. असा रोबो सुटा होऊन महिनोन्‌महिने गोदामात आणि जहाजात असतो. दारात उतरतो तेव्हा आठवण गेलेली आहे असंच धरून चालायचं, आणि किमतीत मास्टरिंगचा खर्च धरूनच घासाघीस करायची.

यातून सुटका करणारे एन्कोडर आता आलेत. जॉन विगँड यांनी सत्तरच्या दशकात एका खास तारेचा शोध लावला. तिच्याजवळून चुंबक फिरला की, कितीही हळू फिरला तरी, तारेत विजेचा एक छोटा झटका तयार होतो. तेवढ्या झटक्यावर एक फेरा मोजून लिहून ठेवता येतो. सेल नकोच! काही कंपन्या असे एन्कोडर विकतायत. पण आज कुपवाडला जमिनीत बोल्ट ठोकून बसवलेले रोबो अजून कित्येक वर्षं चालतील, आणि त्यांना डी साइझचे अल्कलाइन सेल लागत राहतील. टॉर्च आता फोनमध्ये आलाय, त्यामुळे कोपऱ्यावरच्या दुकानात हे सेल मागितले तर दुकानदार आधी मागच्या फळीवर शोधतो. ऑर्डर दसऱ्याच्या महिनाभर आधी द्या, आणि पाकिटावरची तारीख बघून घ्या.