जुन्या चेहऱ्याची गाडी

आमच्या पुतण्याला महाडला नोकरी लागली. घर पोलादपूरला, काम महाडच्या एका पतपेढीत. मधलं अंतर अठरा किलोमीटर. वहिनी म्हणाली, एसटी आहेच की. एसटी आहे, पण ती येते तेव्हा येते, आणि पतपेढीच्या हजेरीपत्रकाला हे समजत नाही. तेव्हा गाडी घ्यायची हे ठरलं. वाद सुरू झाला तो कोणती घ्यायची यावरून.

दादाचं मत सरळ होतं, स्प्लेंडर. पुतण्याने मोबाईलवर एक फोटो दाखवला. गोल दिवा, थेंबासारखी टाकी, उघडं इंजिन. रॉयल एन्फिल्डची हंटर 350. "काका, ही रेट्रो आहे, आणि त्यातल्या त्यात परवडणारी. तुम्हीच सांगा बाबांना."

मी पुण्यात राहतो आणि गाड्यांबद्दल जरा जास्तच वाचतो, एवढ्या भांडवलावर घरात माझी न्यायाधीश म्हणून नेमणूक झाली. निकाल द्यायचा तर आधी प्रश्न समजला पाहिजे. रेट्रो म्हणजे जुन्यासारखी, ठीक आहे. पण कोणाच्या जुन्यासारखी?

बुलेटचं जुनं म्हणजे लष्कर आणि पोलीस. 1955 साली मद्रासमध्ये एन्फिल्ड इंडिया उभी राहिली तीच लष्कराच्या मागणीमुळे. जावाचं जुनं म्हणजे 1929 सालचं प्राग, आणि मग साठच्या दशकातलं म्हैसूर. आयडियल जावाच्या त्या गाड्या 1973 पासून यझदी नावाने येऊ लागल्या आणि 1996 मध्ये कारखाना बंद पडला. जावाची किक हाच तिचा गिअरचा दांडा. किक मारून झाली की दांडा आडवा करायचा आणि त्यानेच गिअर टाकायचे. या गाड्यांवर पोरं फिदा असायची, पण ती शहरातली. पोलादपूरच्या बाजारपेठेत ऐंशीच्या दशकापर्यंत मी बुलेट पाहिली ती फक्त पोलिसांची, आणि जावा पाहिली ती मुंबईकर चाकरमान्याच्या जावयाची. ती दोन दिवस उभी होती, आणि आम्ही तिच्याभोवती दोन दिवस.

सर्वसाधारण माणसाचं स्वतःचं वाहन आमच्याकडे आलं ते लुना आणि बजाजच्या एम-80 च्या रूपाने. पुण्याच्या कायनेटिकची 50 सीसीची लुना 1972 ची. एम-80 ऐंशीच्या दशकातली. तिच्यावर मासळीच्या टोपल्या, भाताची पोती, एकदा तर बोकडसुद्धा पाहिलाय (बोकड पुढे बसला होता). मग 1985 ला हिरो होंडाची सीडी 100 आली, 1994 ला स्प्लेंडर, आणि रस्ता त्यांचाच झाला. आता गंमत बघा, एम-80 ची आठवण काढून कोणी रेट्रो गाडी बनवत नाही. आठवणींच्या बाजारातही टोपलीवाल्याला जागा नाही.

याला एक अपवाद आठवतो, बजाजची व्ही 15. 'विक्रांत' ही आपली विमानवाहू नौका 1997 मध्ये निवृत्त झाली, मग काही वर्षं मुंबईत संग्रहालय म्हणून उभी होती, आणि 2014 च्या अखेरीस दारूखान्यात तोडायला घेतली. तिचं पोलाद या गाडीच्या टाकीत वापरलं गेलं. 2016 साली ती आली तेव्हा किंमत बासष्ट हजार. दीडशे सीसी, अंगाने भरलेली, जुन्या वळणाची. मला ती आवडली होती. आता तिचं उत्पादन बंद आहे, आणि रोजच्या कामाला जुनी, सुटे भाग शोधत फिरावी लागणारी गाडी नको असं माझं मत.

स्वतःचं वाहन, स्वतःचं वाहन असं मी मघापासून म्हणतोय, त्याला एक कारण आहे. महाडचा इतिहास म्हटलं की चवदार तळं. 20 मार्च 1927 चा सत्याग्रह शाळेपासून ठाऊक असतो. त्याच वर्षीच्या डिसेंबरातल्या परिषदेला बाबासाहेब मुंबईहून कसे आले, हे मात्र मला फार उशिरा कळलं. ते 24 डिसेंबरला 'पद्मावती' बोटीने निघाले आणि दुसऱ्या दिवशी दासगावला उतरले. धरमतरहून येणारी वाट जास्त सरळ होती. पण धरमतर-महाड मोटारवाल्यांनी बहिष्कार टाकून गाडीत घेतलंच नाही तर? दासगावहून महाड पाच मैल, तेवढं चालत तरी जाता येईल. असा हिशेब करून दासगावची वाट धरली होती. मुंबई इलाख्याच्या कायदेमंडळाचा सभासद असलेल्या बॅरिस्टरला प्रवासाची वाट ठरवताना मोटारमालकाची मर्जी धरून चालावं लागत होतं. पुतण्या रोज ज्या महाडात जाणार, तिथली ही गोष्ट. बसायला कोणाला मिळणार हे गाडीचा मालक ठरवतो, हे वाचल्यापासून मी लुनाला हसणं सोडलं.

असो. हंटरकडे येतो.

एका ओळखीच्याने रविवारी आपली गाडी दिली. पोलादपूर ते महाड आणि परत, असा दोन फेऱ्यांचा बेत. गाडी 349 सीसीची, वीस अश्वशक्तीची, वजन 181 किलो. एवढ्या वजनाची गाडी अंगणातून मागे ढकलत काढताना मला धाप लागली, पुतण्याला नाही. एकदा चालायला लागली की वजन जाणवत नाही. हायवेवर ट्रक बाजूने गेला तरी ती डुलत नाही, हलक्या गाडीवर आपण जसे अंग चोरून बसतो तसं बसावं लागत नाही. हे मला महत्त्वाचं वाटलं. या रस्त्यावर गोव्याच्या दिशेने जाणारं जे जातं, ते सावकाश जात नाही.

आता पैशाचं. दिवसाला 36 किलोमीटर, महिन्याचे 26 दिवस, म्हणजे 936 किलोमीटर. हंटर लिटरला 35 देते असं धरलं तर सत्तावीस लिटर. शंभर सीसीची गाडी 60 देते असं धरलं तर सोळा लिटरच्या आत. पेट्रोल एकशेपाचने धरा, फरक महिन्याला साडेअकराशेच्या वर जातो. वर्षाला चौदा हजार. सप्टेंबर 2025 मध्ये 350 सीसीपर्यंतच्या गाड्यांवरचा जीएसटी 28 वरून 18 टक्के झाला, त्यात ही 349 ची म्हणून बचावली आणि स्वस्त झाली, पण पेट्रोलचा हिशेब काही त्याने बदलत नाही. परवडणारी हा शब्द शोरूममध्ये एकदा उच्चारतात आणि पंपावर दर चार दिवसांनी.

दुसरी गोष्ट सुरक्षिततेची, आणि इथे मी हट्टाला पेटलो. 2022 साली ही गाडी आली तेव्हा तिच्यातला सगळ्यात स्वस्त, सगळ्यात 'रेट्रो' प्रकार होता तो तारांच्या चाकांचा, ट्यूबच्या टायरचा, मागे ड्रम ब्रेक आणि एबीएस फक्त पुढच्या चाकाला. दिसायला तोच सुंदर. पुतण्याचा जीव त्याच्यावरच. मी म्हटलं, आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. जुलैच्या रात्री आठ वाजता पंक्चर झालेली ट्यूब काढायला कोण बसणार आहे? चेहरा जुना चालेल, ब्रेक जुना चालणार नाही.

तो म्हणाला, "काका, जुन्या गोष्टी मजबूत असतात."

दादा इतका वेळ गप्प होता. तो म्हणाला, "सावित्रीचा पूलपण मजबूत होता."

पुढे कोणीच काही बोललं नाही. वाचणाऱ्या नातेवाइकांना सांगायला नकोच, पण इतरांसाठी सांगतो. 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री महाडजवळचा 1928 सालचा दगडी पूल पुरात गेला आणि त्याच्याबरोबर मुंबईकडे निघालेल्या दोन एसटी बस गेल्या. त्या दिवशी सकाळी दादा त्याच पुलावरून महाडला कामाला गेला होता. नवा पूल 165 दिवसांत बांधून जून 2017 मध्ये सुरू झाला. त्याला कमानी नाहीत, दगड नाही, फोटो काढावा असं काही नाही. दादा त्यावरून जाताना अजून बोलणं थांबवतो.

पुतण्याने तारांच्या चाकांचा विषय पुन्हा काढला नाही. दोन्ही चाकांना एबीएस, अलॉय चाकं, ट्यूबलेस टायर असलेली घ्यायची. आणि हप्ता जड जातोय असं वाटलं तर टीव्हीएसची रेडिऑन आहे, 2018 ची, 110 सीसीची, टाकीला गुडघ्याजवळ जुन्या गाड्यांसारख्या रबरी पट्ट्या असलेली. तिला बघून कोणी मान वळवणार नाही, पण पेट्रोलचे चौदा हजार वाचतील. मी दोन्ही त्याच्यासमोर ठेवल्या. माझा कल रेडिऑनकडे, त्याचा कुठे ते कळतंच आहे. पगार त्याचा आहे.

दादाने मग विचारलं, "मी एक चक्कर मारू का?"

आमच्याकडे एक राजदूत होती. आप्पांनी 1979 साली जुनीच घेतलेली, 173 सीसी, तीन गिअर, पेट्रोलमध्ये ऑइल मिसळून घालायचं. महाडच्या पेठेतून दुकानाचा माल आणायला. गुळाची ढेप मागे, तेलाचा डबा पुढे. किक उलटी मारायची तेव्हा पोटरी सुजायची, आणि पावसात बंद पडली की दादा प्लग काढून पॉलिश पेपरने घासत रस्त्याकडेला बसायचा. आमच्यात ती चालवायचा तोच. 1994 ला ताईच्या लग्नात विकली. गिऱ्हाइकाच्या घरी नेऊन पोचवायचं कामही आप्पांनी दादालाच सांगितलं होतं. तो पोचवून एसटीने परत आला, आणि पुढची सगळी वर्षं एसटीनेच कामाला गेला.

त्याने हंटरला किक शोधली. "नाही रे, बटण आहे," मी म्हटलं. "आणि पाण्यात बसली तर?" त्याने विचारलं. 2021 चा महाडचा पूर त्याने पाहिलाय. माझ्याकडे उत्तर नव्हतं.

बाजारपेठेपर्यंत जाऊन तो पंधरा मिनिटांनी आला. येताना गाडी अंगणात सरळ आणली, तीसुद्धा एका पायाच्या टेकूवर, जणू काल सोडली होती. इंजिन बंद केलं. आणि त्याचा डावा हात टाकीच्या खाली गेला, इकडेतिकडे चाचपडला. पेट्रोलचा कॉक बंद करायला.

"बाबा, याला कॉक नसतो," पुतण्या म्हणाला.

"माहितीये," दादा म्हणाला, आणि हात तिथेच ठेवून थोडा वेळ बसून राहिला.