दहावीच्या परीक्षेचा ताण: शरीरात काय होते, काय करावे आणि डॉक्टरांकडे कधी जावे

जानेवारीत पूर्वपरीक्षेचे गुण कळले की जनरल प्रॅक्टिस करणाऱ्या डॉक्टरांकडे पंधरा-सोळा वर्षांच्या मुलामुलींची संख्या वाढते. "मला परीक्षेचे टेन्शन आले आहे" असे सांगत फारसे कोणी येत नाही. सकाळी पोटात दुखते, शाळेला निघताना मळमळते, डोके जड राहते, रात्री झोप लागत नाही, मधेच छातीत धडधडते, अशा तक्रारी असतात. तपासणीत काही निघत नाही. मग घरचे म्हणतात, "म्हणजे काहीच झालेले नाही, उगाच नाटक चालले आहे."

नाटक नसते. रिपोर्ट नॉर्मल असला तरी पोट खरोखरच दुखत असते. हा लेख मुख्यतः दहावीला बसणाऱ्या तुमच्यासाठी आहे. पालकांसाठीचा भाग पुढे आहे, तो त्यांना जरूर वाचायला द्या.

ताण आला की शरीरात काय घडते?

मेंदूला धोका जाणवला की तो शरीराला तयारीचा आदेश देतो. मूत्रपिंडांच्या वर असलेल्या ॲड्रिनल ग्रंथींमधून ॲड्रेनालिन आणि कॉर्टिसोल ही संप्रेरके रक्तात येतात. हृदयाचे ठोके वाढतात, श्वास जलद होतो, स्नायू ताठ होतात आणि तळहातांना घाम सुटतो. रक्ताचा ओघ स्नायूंकडे वळल्यामुळे पचनाचे काम मागे पडते आणि आतड्यांची लय बिघडते. पेपरच्या सकाळी पोटात गोळा येणे, तीन-तीनदा शौचाला जावे लागणे किंवा घास घशाखाली न उतरणे हे सगळे त्यातूनच येते. अंगावर कुत्रा धावून आला तर हीच यंत्रणा आपल्याला वाचवते. गणिताचा पेपर आणि अंगावर येणारा कुत्रा यांत शरीर फारसा फरक करत नाही, एवढीच अडचण आहे.

थोडा ताण उपयोगी असतो. यर्क्स आणि डॉडसन या संशोधकांनी 1908 साली उंदरांवर प्रयोग केले. सोपे काम शिकताना उत्तेजना वाढली की उंदीर लवकर शिकत. काम अवघड असेल तर मात्र जास्त उत्तेजनेने शिकणे बिघडे. माणसाच्या बाबतीतही साधारण असाच अनुभव येतो. त्यामुळे ताण पूर्ण घालवण्याच्या मागे लागू नका. तो शरीराला पेलेल इतका ठेवता आला की पुरे.

सगळ्यात आधी झोप

अभ्यासाच्या पद्धतीबद्दल सल्ला देणारे पुष्कळ भेटतील. डॉक्टर म्हणून मला एकच गोष्ट निवडायची असेल तर मी झोप निवडेन. तुमच्या वयाला रात्री 8 ते 10 तास झोप लागते. दिवसभर वाचलेले मेंदूत पक्के बसण्याचे काम मोठ्या प्रमाणात झोपेत होते. रात्री दोनपर्यंत जागून वाचलेला धडा सकाळी धूसर वाटतो तो यामुळे. झोप कमी पडली की चिडचिड होते, साध्या बेरजा चुकतात आणि तोच ताण दुप्पट वाटू लागतो.

"पहाटे चारला ऊठ, पहाटेचे लक्षात राहते" असे आपल्याकडे घरोघरी सांगतात. रात्री आठ-साडेआठला झोपलेल्या मुलासाठी ते ठीक आहे. क्लासवरून साडेनऊला येऊन, जेवून, बारापर्यंत लिहीत बसलेल्या मुलाला चारला उठवणे म्हणजे त्याची निम्मी झोप काढून घेणे. शिवाय वयात येताना शरीराचे घड्याळ थोडे पुढे सरकते, त्यामुळे या वयात रात्री लवकर झोप न येणे हा आळस नव्हे. पहाट की रात्र हे ज्याने त्याने ठरवावे, फक्त तासांची बेरीज भरली पाहिजे.

बोर्डाचे बहुतेक पेपर सकाळी 11 वाजता सुरू होतात. म्हणून शेवटच्या दोन-तीन आठवड्यांत सराव प्रश्नपत्रिका 11 ते 2 याच वेळेत, घड्याळ लावून, एका बैठकीत सोडवा. महिनाभर रात्री जागून दुपारपर्यंत झोपलात, तर परीक्षेच्या दिवशी 11 वाजता शरीर अर्धवट झोपेतच असेल.

संध्याकाळनंतर चहा-कॉफी टाळा. त्यातले कॅफिन पाचेक तासांनंतरही साधारण निम्मे शरीरात उरलेले असते. मोबाईल उशाशी ठेवू नका. अलार्मसाठी जुने घड्याळ उत्तम. दुपारी झोपायचे तर वीस-तीस मिनिटे पुरेत. रात्री पडून वीस मिनिटे झाली तरी झोप नाही आली, तर तळमळत राहू नका. उठा, मंद उजेडात काहीतरी हलके वाचा आणि डोळे जड झाले की पुन्हा आडवे व्हा. पेपरच्या आदल्या रात्री नीट झोप लागली नाही, तर त्या एका रात्रीने वर्षभराचा अभ्यास पुसला जात नाही. नुकसान होते ते आठवडेच्या आठवडे जागण्याने.

वाचलेले आठवत नाही ही भीती

तोच धडा चौथ्यांदा वाचताना सगळे ओळखीचे वाटते आणि येते आहे असा भास होतो. पुस्तक मिटल्यावर काही सांगता येत नाही, आणि मग घबराट. अमेरिकेतील रोडिगर आणि कार्पिक यांनी 2006 मध्ये विद्यार्थ्यांवर केलेल्या अभ्यासात असे दिसले की पाच मिनिटांनी विचारले तर पुन्हा पुन्हा वाचणाऱ्यांना जास्त आठवते. आठवड्याने विचारले तर, एकदा वाचून नंतर न पाहता आठवून लिहिणारे पुढे असतात. तुमची परीक्षा पाच मिनिटांनी नसते. म्हणून धडा वाचा, पुस्तक मिटा, कोऱ्या कागदावर आठवेल ते लिहा आणि मग तपासा. सुरुवातीला हे त्रासदायक वाटते, कारण काय येत नाही ते लगेच उघडे पडते. पण ते घरी उघडे पडलेले बरे.

पेपर हातात आला आणि काहीच आठवेना

ही भीती जवळजवळ प्रत्येकाला असते. धास्तीने श्वास उथळ आणि भराभर होऊ लागतो. त्यामुळे रक्तातला कार्बन डायऑक्साइड प्रमाणाबाहेर कमी होतो आणि हाताच्या बोटांना, ओठांभोवती मुंग्या येतात, डोके हलके होते, चक्कर येईलसे वाटते. ते पाहून मूल आणखी घाबरते. लक्षात ठेवा, येत असलेले विसरले गेलेले नसते. तापलेल्या अवस्थेत मेंदूला ते बाहेर काढता येत नाही, इतकेच.

पेन खाली ठेवा. दोन्ही पावले जमिनीवर टेकवा. मनात चार अंक मोजत नाकाने श्वास घ्या आणि सहा अंक मोजत हळूहळू सोडा. असे दहा श्वास. दोन मिनिटेही लागत नाहीत आणि तीन तासांच्या पेपरात ती परवडतात. श्वास लांबवून सोडल्याने हृदयाचा वेग उतरायला मदत होते. मग पहिला प्रश्न सोडून जो येतो तो लिहायला घ्या. दोन-तीन उत्तरे उतरली की अडलेलेही बऱ्याचदा आठवू लागते. मात्र हा श्वास पहिल्यांदा परीक्षेच्या हॉलमध्ये करून उपयोग नाही. आधी पंधरा दिवस रोज दोनदा घरी करा, म्हणजे शरीराला त्याची सवय होते.

सकाळी पोहे, उपमा, भाकरी-भाजी, जे रोज खाता ते थोडे तरी खा. त्या दिवशी नवे काही नको आणि नुसत्या चहा-बिस्किटावर निघू नका. अनेक मुली केंद्रावरच्या स्वच्छतागृहाच्या धास्तीने सकाळपासून पाणी पीत नाहीत. मार्चच्या उन्हात याने डोके ठणकते, आणि लघवीचा जंतुसंसर्ग होण्याची शक्यता वाढते. पाणी पिऊन निघा, बाटली जवळ ठेवा.

टॉनिक, गोळ्या आणि इंजेक्शने

"डॉक्टर, स्मरणशक्तीचे काहीतरी लिहून द्या." ही मागणी दर वर्षी होते. निरोगी मुलाची स्मरणशक्ती परीक्षेपुरती वाढवणारे सिरप माझ्या माहितीत नाही, आणि असते तर आम्ही डॉक्टरांनीच आपल्या परीक्षांना ते घेतले असते. "ताकदीचे" इंजेक्शन किंवा सलाईन लावल्याने अभ्यास सोपा होत नाही.

मात्र सततचा थकवा परीक्षेच्या नावावर ढकलून देऊ नका. पाळी सुरू झालेल्या मुलींमध्ये रक्त कमी असणे आपल्याकडे फार सर्रास आढळते. शाकाहारी घरांत बी-12 ची कमतरता होते आणि त्यातही थकवा, हातापायांना मुंग्या, लक्ष न लागणे असे दिसते. थायरॉईडही कधी कधी निघतो. रक्त तपासून कमतरता सापडली तर उपचार जरूर घ्या. त्यांचा फायदा होतो, पण तो दिसायला काही आठवडे लागतात, म्हणून तपासणी फेब्रुवारीची वाट न पाहता करावी.

आजीच्या डब्यातली झोपेची गोळी कधीच घेऊ नका. तिने दुसऱ्या दिवशी गुंगी राहू शकते आणि आठवण मंदावते. धडधड थांबवणाऱ्या काही गोळ्या दम्याच्या रुग्णाला धोकादायक ठरू शकतात, त्यामुळे मित्राने दिली म्हणून घेऊ नका. पाळी पुढे ढकलणाऱ्या गोळ्यांचेही तसेच. मेडिकलमधून परस्पर आणू नका. पाळीत फार दुखत असेल तर दोन-तीन महिने आधी डॉक्टरांना दाखवा. वेळेवर घेतलेल्या साध्या वेदनाशामक गोळीने बहुतेकींचे काम भागते आणि पाळी ढकलण्याची गरजच पडत नाही.

साधा ताण आणि त्यापुढचे काही

परीक्षेचा ताण चढतो-उतरतो. पेपर बरा गेला, मित्र भेटले, आवडीचे जेवण झाले की तो काही काळ सुटतो. पुढील गोष्टी दोन आठवड्यांहून जास्त रोज दिसत असतील तर डॉक्टरांना भेटा: कशातच रस न उरणे, विनाकारण रडू येणे, भूक आणि वजन घटणे, रात्र रात्र झोप नसणे, मित्रांशी बोलणे बंद होणे, "माझा काही उपयोग नाही" असे वारंवार म्हणणे, स्वतःला इजा करणे. अचानक प्रचंड भीती वाटून छाती धडधडण्याचे झटके येत असतील तरी दाखवा. धावताना किंवा श्रम करताना छातीत दुखले अथवा शुद्ध हरपली, तर ताण म्हणून सोडून न देता हृदयाची तपासणी करून घ्या.

"मी नसलो तर बरे" असे विचार तुमच्या मनात येत असतील तर आजच एका मोठ्या माणसाला सांगा: आई, मामा, वर्गशिक्षक, डॉक्टर, ज्याच्याशी बोलता येईल त्याला. हे विचार आजाराच्या लक्षणासारखे असतात. त्यांच्यावर उपचार होतात आणि ते ओसरतात. केंद्र सरकारच्या टेलिमानस सेवेचा क्रमांक 14416 आहे. तो चोवीस तास मोफत चालतो आणि मराठीत बोलता येते. अठरा वर्षांखालील मुलांसाठी 1098 ही हेल्पलाइनही आहे. परीक्षेच्या काळात राज्य मंडळ समुपदेशकांचे क्रमांक जाहीर करते, ते शाळेत विचारा.

पालकांनो, शंका आली तर सरळ विचारा: "जीव द्यावासा वाटतो का?" विचारल्याने तो विचार मुलाच्या डोक्यात शिरत नाही. उलट कोणीतरी ओळखले म्हणून बहुतेकांना सुटल्यासारखे वाटते. उत्तर होय असेल तर त्या मुलाला एकटे ठेवू नका आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. घरातल्या गोळ्या आणि शेतीची फवारणीची औषधे कुलपात ठेवा, किल्ली स्वतःजवळ ठेवा. असा झटका बऱ्याचदा थोडा वेळच टिकतो, आणि त्या वेळेत हाताशी काय आहे यावर खूप काही ठरते.

पालकांनी आणखी एवढे करावे

शेजारच्या मुलाची टक्केवारी घरात आणू नका. वर्षभर टीव्ही बंद ठेवून सगळ्या घराला दहावीला बसवू नका. रोज अर्धा तास खेळायला किंवा सायकलवर सोडा. पेपर देऊन आलेल्या मुलाला आधी जेवू द्या. दारातच प्रश्नपत्रिका उघडून "याचे काय लिहिलेस?" विचारल्याने झालेला पेपर बदलत नाही, उद्याचा मात्र बिघडू शकतो.

निकालाच्या दिवशी मूल एकटे असू नये. शक्य असेल तर रजा काढा. गुण अनपेक्षित वाटले तर गुणपडताळणी, उत्तरपत्रिकेची छायाप्रत आणि पुनर्मूल्यांकन यांसाठी ठरलेल्या मुदतीत अर्ज करता येतो. एक-दोन विषय राहिले तरी एटीकेटीच्या सवलतीने अकरावीला प्रवेश मिळतो, आणि काही आठवड्यांत पुरवणी परीक्षा असते. ही माहिती निकालाच्या दिवशी रडारड सुरू झाल्यावर सांगू नका. पहिल्या पेपरच्या आधीच, एखाद्या रात्री जेवताना, सहज बोलता बोलता सांगून ठेवा.