गेमपॅड, जुन्या खेळांसाठी
गेमपॅड, जुन्या खेळांसाठी : आजचा यूएसबी गेमपॅड संगणकावरच्या जुन्या खेळांना जोडून चालता करण्याची क्रिया. पॅड लावला की संगणक त्याची नोंद घेतो आणि खेळही सुरू होतो. मात्र पडद्यावरचा माणूस जागचा हलत नाही, किंवा कोणी हात न लावता एकाच बाजूला सरकत राहतो. पॅड सहसा धडधाकट असतो. खेळ आपल्या काळच्या रीतीने जॉयस्टिकच्या काठीची स्थिती विचारतो आणि नवा पॅड भलत्याच रीतीने उत्तर देतो, इथे सगळे अडते. दुरुस्तीला बसताना म्हणूनच आधी खेळाचे साल पाहावे.

आयबीएमने १९८१ मध्ये आपल्या पीसीसाठी जॉयस्टिकचे कार्ड काढले. त्याला १५ पिनांची जोडणी होती आणि त्यावर चार अक्ष व चार बटणे चालत. काठी कुठे आहे हे मोजायची युक्ती मोठी हुशारीची होती. काठीच्या बुडाशी बदलता रोध बसवलेला असे. खेळ कार्डाला इशारा देई, एक छोटा संधारक भारित होऊ लागे आणि तो भरेपर्यंत प्रोसेसर आकडे मोजत बसे. आकडा मोठा आला की काठी एका टोकाला, लहान आला की दुसऱ्या. घोटाळाही यातच होता : प्रोसेसर वेगवान झाला की तेवढ्याच वेळात जास्त आकडे मोजून होत. त्या काळचे खेळ सुरुवातीलाच काठी कोपऱ्यात नेऊन बटण दाबायला सांगत, ते या मोजमापासाठी. ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’च्या १९९० च्या डॉस आवृत्तीत कंट्रोल आणि जे दाबले की जॉयस्टिक सुरू होई, आणि कंट्रोल व के दाबले की पुन्हा कळफलक.

साउंड ब्लास्टर या ध्वनिकार्डावर हीच जोडणी असल्याने ती नव्वदीत घरोघरच्या संगणकांत पोचली. विंडोज व्हिस्टाने तिचा आधार काढून घेतला.

डॉसच्या खेळांसाठी आज डॉसबॉक्स हा प्रोग्रॅमच खात्रीचा मार्ग आहे. तो यूएसबी पॅडला जुन्या जॉयस्टिकचे सोंग घ्यायला लावतो. त्याच्या मांडणी-फाइलीत ‘जॉयस्टिकटाइप’ नावाची ओळ असते. तिथे दोन अक्षांचा पर्याय निवडला तर दोघांना दोन पॅड मिळतात. चार अक्षांचा निवडला तर एकच पॅड चालतो, पण त्याच्या दोन्ही काठ्या कामाला येतात. माणूस आपोआप सरकत असेल तर त्याच फाइलीतली ‘टाइम्ड’ ही ओळ बदलून पाहावी. कंट्रोल आणि एफ-१ दाबले की बटणांची जुळणी करायचा पडदा उघडतो.

विंडोजवरच्या खेळांची गोष्ट निराळी आहे, आणि खरी गुंतागुंत इथेच आहे. १९९५ मध्ये डायरेक्टएक्सबरोबर आलेल्या डायरेक्टइनपुटने भरपूर अक्ष आणि बटणे दिली, पण कोणता अक्ष कशासाठी वापरायचा हे ठरवून दिले नाही. २००५ मध्ये एक्सबॉक्स ३६० च्या पॅडबरोबर एक्सइनपुट आले आणि मांडणी पक्की झाली. जुना खेळ हा पॅड डायरेक्टइनपुटमधून पाहतो तेव्हा पॅडचे दोन्ही ट्रिगर त्याला एकाच अक्षावर दिसतात. प्लेस्टेशनच्या धर्तीचे पॅड ज्या अक्षांवर उजवी काठी दाखवतात, त्यांतल्याच एकावर हे ट्रिगर येऊन बसलेले असतात. महाराष्ट्रात घराघरांत खेळल्या गेलेल्या ईए स्पोर्ट्सच्या ‘क्रिकेट ०७’मध्ये उजवी काठी म्हणजे फलंदाजाची बॅट. ‘सेंच्युरी स्टिक’ या नावाने तिच्यावरच फटक्याची दिशा ठरते. अशा खेळात अक्षांची अदलाबदल झाली की खेळण्यातली सगळी गंमत जाते.

यावरच्या दोन प्रोग्रॅमांची लोक हमखास गल्लत करतात. खेळ नवा आणि पॅड जुना असेल तर एक्स-३६०-सीई. खेळ जुना आणि पॅड एक्सबॉक्सच्या जातीचा असेल तर झिडी. झिडीची डीएलएल फाइल खेळाच्या मुख्य फाइलीशेजारी ठेवायची असते. विंडोज ६४ बिटांचे असले तरी जुना खेळ बहुधा ३२ बिटांचा असतो, तेव्हा फाइलही ३२ बिटांचीच हवी. इथे चूक झाली की खेळ ती फाइल उचलत नाही आणि माणूस तासन्‌तास पॅडलाच दोष देत बसतो. लॉजिटेकच्या एफ-३१० या पॅडला मागच्या बाजूला एक्स (एक्सइनपुट) आणि डी (डायरेक्टइनपुट) असा खटका आहे. जुन्या खेळाला डी वर ठेवले की बरेचदा दुसरे काही करावे लागत नाही. स्वस्त पॅड निवडतानाही अशी सोय आहे का ते पाहावे, इतकी ती मोलाची आहे.

भोर किंवा वेल्ह्याहून पुण्यात स्वारगेटला उतरून बुधवार पेठेतल्या तापकीर गल्लीत गेले की प्लेस्टेशनच्या आकाराचे साधे यूएसबी पॅड मिळतात. त्यांतल्या अनेकांवर मधोमध ‘अ‍ॅनालॉग’ लिहिलेले बटण असते. शेजारचा दिवा विझलेला असेल तर डावी काठी नुसत्या दिशा-बटणांचे काम करते आणि उजवी काठी चार बटणांची नक्कल करते. सॉफ्टवेअर शोधण्याआधी हे बटण दाबून पाहावे. मग विंडोज आणि आर दाबून ‘जॉय डॉट सीपीएल’ लिहिले की चाचणीचा पडदा येतो आणि कोणती काठी कोणता अक्ष हलवते ते डोळ्यांनी दिसते.

पॅडची सोयच नसलेल्या खेळांसाठी जॉयटूकी किंवा अँटीमायक्रोएक्स हे प्रोग्रॅम वापरतात. पॅडचे बटण दाबले की ते कळफलकाची कळ दाबल्याचे संगणकाला कळवतात. ‘डेंजरस डेव्ह’सारख्या खेळाला चार दिशा आणि एक-दोन कळा पुरतात, त्यामुळे तिथे हा उपाय बाकी सगळ्यांपेक्षा सरस ठरतो. तोरणा-राजगडाच्या कुशीतल्या गावांत नेटचा भरवसा नसतो. हे प्रोग्रॅम लहान असल्याने पुण्यातून पेनड्राइव्हवर आणता येतात आणि नेटशिवाय चालतात. खेळ अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडलेला असेल तर हे प्रोग्रॅमही तसेच उघडावे लागतात, नाहीतर कळा खेळापर्यंत पोचत नाहीत.