नाताळचा संदेश साधन म्हणून कसा वाचायचा? चर्चिल, २४ डिसेंबर १९४१

सणाच्या शुभेच्छा इतिहासाचं साधन होऊ शकतात का? पीएचडीची तयारी करणारे बरेच जण असली भाषणं बाजूला ठेवतात. त्यात गोड बोलण्यापलीकडे काय असणार, असं वाटतं. म्हणून आज एक उदाहरण घेऊ.

२४ डिसेंबर १९४१. व्हाइट हाउसच्या आवारात राष्ट्रीय ख्रिसमस ट्रीचे दिवे लावण्याचा कार्यक्रम. ही प्रथा १९२३ पासूनची, अध्यक्ष कूलिज यांच्या काळातली. त्या वर्षी मात्र अध्यक्ष रूझवेल्ट यांच्या जोडीला ब्रिटनचे पंतप्रधान विन्स्टन चर्चिलही बोलले. पर्ल हार्बरवर हल्ला होऊन जेमतेम अडीच आठवडे झाले होते आणि युद्धाची आखणी करायला चर्चिल दोनच दिवसांपूर्वी वॉशिंग्टनला पोचले होते.

भाषण छोटं आहे. आशय असा: घरापासून दूर असूनही इथे परकं वाटत नाही, जग युद्धात अडकलंय, तरी आजची रात्र मुलांना हसू-खेळू द्या, नंतर मोठ्यांनी पुन्हा कामाला लागायचं, म्हणजे या मुलांचा वारसा कोणी हिरावणार नाही आणि स्वतंत्र, सभ्य जगात जगण्याचा त्यांचा हक्क शाबूत राहील.

आता पहिला प्रश्न विचारा: ही मुलं कोणाची? उत्तर भाषणातच सापडतं. आनंदाने उजळलेलं घर म्हणताना चर्चिल इंग्रजी बोलणाऱ्या जगातल्या घरांचा उल्लेख करतात. म्हणजे वाक्य सगळ्या मानवजातीबद्दल आहे असं वाटतं, पण त्याला कुंपण आहे.

दुसरा प्रश्न: हाच माणूस त्याच सुमारास दुसरीकडे काय बोलत होता? ऑगस्ट १९४१ च्या अटलांटिक सनदेत लोकांना आपलं सरकार निवडण्याचा हक्क मान्य केला होता. ९ सप्टेंबरला चर्चिल यांनी संसदेत खुलासा केला की ते कलम प्रामुख्याने नाझींच्या ताब्यातल्या युरोपीय देशांसाठी आहे. भारताचा प्रश्न वेगळा.

तिसरा प्रश्न: बंद दाराआड काय झालं? चर्चिल यांनीच युद्धाच्या आठवणींत लिहिलंय की याच डिसेंबरच्या भेटीत रूझवेल्टनी भारताचा विषय काढला. त्यावर आपण इतका जोरदार आणि लांबलचक प्रतिवाद केला, की रूझवेल्टनी समोरासमोर तो विषय पुन्हा काढलाच नाही. हे नंतर लिहिलेलं आहे, लिहिणारा स्वतःची बाजू मांडतोय, हे धरूनच वाचायचं. तरी जाहीर भाषणाशेजारी ही नोंद ठेवली की कुंपण आणखी स्पष्ट होतं. गंमत बघा, १ जानेवारी १९४२ च्या संयुक्त राष्ट्रांच्या जाहीरनाम्यावर सही करणाऱ्या २६ देशांत भारताचंही नाव आहे. सही अर्थात ब्रिटिश अमलाखालच्या सरकारतर्फे.

चौथा प्रश्न आपल्या जिल्ह्याचा. मे १९३० मध्ये सोलापुरात लष्करी कायदा लागू झाला. १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लाप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, कुर्बान हुसेन आणि श्रीकिसन सारडा यांना येरवड्यात फाशी दिलं गेलं. त्याला अकरा वर्षंही झाली नव्हती. अशा ठिकाणी ‘मुलांचा वारसा’ हे शब्द वेगळे ऐकू येणार. त्याच डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात बारडोलीत काँग्रेस कार्यकारिणी बसली होती. आक्रमणाविरुद्ध लढणाऱ्यांबद्दल सहानुभूती आहे, पण देशाच्या संरक्षणाची जबाबदारी स्वतंत्र भारतच घेऊ शकतो, अशी तिची भूमिका होती.

मग चर्चिल खोटं बोलले असं लिहायचं का? एवढ्या पुराव्यावर नाही. नुकत्याच युद्धात उतरलेल्या अमेरिकन घरांना धीर देणं हे त्या भाषणाचं काम होतं, आणि दुसऱ्याच दिवशी हाँगकाँग पडलं, म्हणजे काळजीही खरी होती. आपल्याला दाखवता येतं ते इतकंच, की ‘स्वतंत्र’ हा शब्द कुठपर्यंत पोचत होता आणि कुठे थांबत होता.

श्रीपूर-अकलूज भागातल्या कोणाला छोटा विषय हवा असेल, तर ‘केसरी’ किंवा ‘सकाळ’चे डिसेंबर १९४१ अखेरचे अंक काढा. हे भाषण छापलंय का, कुठल्या पानावर, आणि शेजारी बारडोलीची बातमी आहे का, एवढंच टिपा. प्रकरणाची सुरुवात तिथून होऊ शकते.